न वाजणारी डिस्क

हिंदुरावांच्या कानाला अख्ख्या तळवड्यात तोड नव्हती, निदान त्यांच्या स्वतःच्या मते तरी. चाकणच्या कंपनीत त्यांनी उभी हयात मेंटेनन्समध्ये काढली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "बेअरिंग आठवडा काढंल, त्याच्याम्होरं न्हाई." बहुतेक वेळा तसंच व्हायचं. निवृत्तीनंतर त्यांनी गाळा घेऊन एक जुनं व्हीएमसी मशीन टाकलं. मुलगी स्वरूपा कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बनवायची आणि मशीन त्याबरहुकूम ॲल्युमिनियमचे पार्ट कोरून द्यायचं.

कॉम्प्युटरची जुनी हार्डडिस्कसुद्धा त्यांनी अशीच पकडली होती. ती खडखडायला लागली तसा त्यांनी धोशा लावला, स्वरूपाने फायली वेळेत काढून घेतल्या आणि लगेच डिस्कने मान टाकली. तेव्हापासून स्वारी हवेतच होती. येईल त्याला चहाबरोबर हा किस्सा ऐकावाच लागे.

नवी डिस्क एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, नुसत्या चिपा.

"आबा, सगळे प्रोग्रॅम ह्या एकाच डिस्कवर आहेत," स्वरूपा म्हणाली. "अजून एक घेऊ. रोज कॉपी करून घरी नेत जाऊ."

आबांनी कॅबिनेटला स्क्रू-ड्रायव्हर लावला. "ठणठणीत हाय. वाजाय लागली की घिऊ."

दिवाळीला तिने पुन्हा सांगितलं, संक्रांतीला पुन्हा. तपासणी तीच, निकाल तोच. एक काम संपलं की पेनड्राइव्हवरचा आणि मशीनमधला प्रोग्रॅम पुसून टाकायचा, हीसुद्धा त्यांचीच शिस्त. पसारा त्यांना खपत नसे.

गुरुवारची साप्ताहिक सुट्टी संपवून शुक्रवारी कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर एकच ओळ : डिस्क सापडत नाही. ना खडखड, ना कुरकुर. हिंदुराव खवळले. केबल उपटली, परत खोचली, दुकानदाराचा उद्धार केला आणि शेवटी डिस्क खिशात घालून पिंपरीला डेटा काढून देणाऱ्याकडे गेले.

"काका, कंट्रोलर गेलाय," तो पोरगेला माणूस म्हणाला. "ह्या अशाच जातात, चालता चालता. ह्यातनं काही निघेल असं वाटत नाही."

"आरं, पर जायच्या आधी काय तरी वाजलं असंल की!"

"वाजायला आत आहेच काय, काका?"

ह्या उत्तराने ते जास्तच चिडले. मरायच्या आधी साधं कण्हतसुद्धा नाही, असलं कसलं यंत्र! आणि इकडे गाळ्यात चाकणच्या कारखानदार निरंजनचे ओतीव पार्ट कोरायला येऊन पडलेले. गाळा चालायचा तो त्याच्याच कामावर, आणि माल सोमवारी हवा होता. स्वरूपाने आठवून आठवून प्रोग्रॅम पुन्हा लिहायला घेतला. पण कुठे टूल किती खोल घालायचं, कुठे वेग कमी करायचा, हे सगळं महिनोन्महिने चुकत-सुधारत बसवलेलं होतं. पहिला पार्ट फुकट गेला. दुसरा गेला. हिंदुराव मागे उभे राहून मशीनवर ओरडत होते, त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

सोमवारी निरंजन स्वतः टेंपो घेऊन आला. "काका, राग मानू नका. माझी लाइन बंद पडेल. दुसरीकडे करून घेतो." न कोरलेले पार्ट एकेक करून टेंपोत चढले. पुढच्या कामाबद्दल तो काही बोलला नाही.

"उभ्या जन्मात एक मशीन मला न सांगता मेलं न्हाई!" हिंदुराव कडाडले. "एकदा तरी सूचना द्यायची हुती मुडद्यानं!"

स्वरूपा खराब झालेले पार्ट भंगारात टाकत होती.

"सूचना तीनदा मिळाली होती, आबा," ती म्हणाली. "मी दिली होती."

टेंपो वळणाआड गेला तरी हिंदुराव रस्त्याकडेच तोंड करून उभे राहिले. मागे वळले असते, तर पोरीकडे बघावं लागलं असतं.