नमुन्याबरहुकूम माल मिळाला

सरकारला सल्ला देणारी माणसं कशी असतात हे टीव्हीमुळं आपल्याला ठाऊक झालंय. गळ्यात ओळखपत्र, पुढ्यात लॅपटॉप आणि तोंडात अशी भाषा, की ऐकणाऱ्यानं नुसती मान हलवावी. उचगावच्या अंजना शिंगे यांच्याकडं यातलं काही नव्हतं. त्यांच्याकडं एक प्लास्टिकची फाइल होती आणि एका नगरपालिकेच्या भांडारात काढलेली तेहेतीस वर्षं होती. झाडूपासून बल्बपर्यंत पालिकेचा सगळा माल जिथं उतरतो, त्या खोलीच्या त्या राखणदार. नगरपालिका कुठली ते मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, भांडार असेल तिथं ही गोष्ट घडू शकते.

बाई निवृत्त झाल्या त्याला दोन वर्षं झाली. पण त्याआधीपासून दरवर्षी त्या मुंबईला एक पत्र टाकायच्या. मजकूर तोच असायचा. सरकारी खरेदीत माल ताब्यात घेण्याआधी, जो तो वापरणार आहे त्यानं तो एक दिवस वापरून बघावा, आणि तो 'चालतो' म्हणाला तरच माल घ्यावा. अकरा पत्रं गेली, उत्तर एकाचंही आलं नाही. सरकार पत्राला उत्तर देत नाही, पण पत्र फेकूनही देत नाही, हा त्यातल्या त्यात एक गुण. राज्यानं खरेदीचे नियम नव्यानं लिहायला समिती नेमली, तेव्हा कुणालातरी एकाच अक्षरातली ही अकरा पत्रं एका गठ्ठ्यात सापडली. आणि समिती कोल्हापुरात येणार म्हणताना अंजनाबाईंना फोन आला, "गुरुवारी अकरा वाजता या. तुम्हाला पंधरा मिनिटं मिळतील."

पंधरा मिनिटांत मांडायची गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची होती.

तेव्हा नालेसफाईच्या तोंडावर सफाई कामगारांना गमबूट घ्यायचं ठरलं. निविदा निघाली. ज्याचा दर सगळ्यात कमी, त्याचा माल. त्या पुरवठादारानं नमुन्याचा एक जोड आणून दिला. जोड चांगला होता, जाड रबराचा, आतून अस्तर लावलेला. साहेबांनी वाकवून बघितला, इंजिनिअरनी टेबलावर आपटून बघितला आणि मंजूर झाला. पायात मात्र कुणी घातला नाही. प्रत्येकाच्या पायात आपापले बूट होते, ते काढायचे कुणी?

पंधरा दिवसांनी टेम्पो आला. एकशे चाळीस जोड. अंजनाबाईंनी एकेक उचलून मंजूर नमुन्याशी ताडून बघितला आणि साठावहीत आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'नमुन्याबरहुकूम माल मिळाला.' त्यात खोटं काही नव्हतं. नमुना नऊ नंबरचा होता, म्हणून सगळेच्या सगळे जोड नऊ नंबरचे आले. निविदेत मापाचा उल्लेखच नव्हता. आणि नाल्यात उतरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या, ज्यांना पाच नंबरची चप्पलसुद्धा सैल व्हायची.

बाहेरच्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. पण भांडारात नमुना म्हणजे देव. माल देवासारखा दिसला की झालं, देवाचं माप कुणी विचारत नाही. अंजनाबाई हुशार होत्या, प्रामाणिक होत्या, पुरवठादाराचा चहासुद्धा घेत नव्हत्या. तरी ही चूक त्यांच्या हातून झाली, आणि त्या प्रामाणिक होत्या म्हणूनच कुणाला तिचा संशय आला नाही.

बायकांनी दोन दिवस बूट सुतळीनं बांधून बघितले. पाय वर यायचा आणि बूट गाळातच राहायचा. तिसऱ्या दिवशी बूट घरी राहिले, काहींचे तर घरच्या गड्यांच्या पायात रानात पाणी पाजायला गेले. चौथ्या दिवशी त्यांच्यातल्या चिमणाबाई साध्या चपलेवर नाल्यात उतरल्या आणि फुटक्या बाटलीची काच तळव्यात शिरली. अंगात साखर होती, जखम भरेना. दिवाळीच्या आत पायाची दोन बोटं काढावी लागली. चिमणाबाई अंजनाबाईंच्याच वस्तीतल्या, विहाराच्या मागच्या गल्लीतल्या. नात्यानं कुणी नव्हत्या, पण अंजनाबाई त्यांना मावशी म्हणायच्या.

मग चौकशी झाली. भांडाराला विचारणा आली, की साधनं पुरवली होती का? अंजनाबाईंनी वहीचा उतारा दिला. चिमणाबाई यांना गमबूट एक जोड दिला, अंगठा घेतला. खाली सही. त्या उताऱ्यावर अहवाल उभा राहिला, 'सुरक्षा साधने पुरविण्यात आली होती. कर्मचाऱ्याने त्यांचा वापर केला नाही. अपघातास कर्मचारी स्वतः जबाबदार आहे.' भरपाईचा प्रश्नच मिटला. चिमणाबाई लंगडत कामावर आल्या आणि निवृत्त होईपर्यंत लंगडतच रस्ते झाडत राहिल्या.

अहवाल फायलीला लावताना अंजनाबाईंनी तो वाचला. त्यांनी वर टिपणी पाठवली, 'बुटांची मापे घेण्यात यावीत.' शेरा आला, 'पुढील खरेदीवेळी विचार व्हावा.' बस्स. उतारा खरा आहे पण बूट घालण्याजोगे नव्हते, एवढं एक वाक्य त्यांनी लिहायला हवं होतं. ते त्यांनी लिहिलं नाही. पोरगा शाळेत, नवऱ्याची कंबर गेलेली, नोकरी एकटीची. त्या गप्प बसल्या. हे मी झाकत नाही, कारण पुढं त्यांनीही झाकलं नाही.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी फाइल लावायला घेतली. पोरगा संघर्ष एमआयडीसीतल्या फौंड्रीत सुपरवायझर. त्यानं कागद चाळले आणि अहवालाची झेरॉक्स बघून तो चपापला.

"आई, ह्यो कागद न्हेऊ नगंस. पत्रातलं तेवढं बोल आणि ये."

"का?"

"उताऱ्याखाली सही कुणाची हाय? तुझीच की! नोंदीवर आलं तर चौकशी लागंल. पेन्शन अडकिवतील."

इतकं जुनं प्रकरण उकरता येत नाही असं कुणी कायदा जाणणारा म्हणेल. पण कायदा आणि त्रास या कचेरीतल्या दोन वेगळ्या शाखा आहेत, हे अंजनाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"त्या कागदाबिगर माझं बोलणं म्हंजे नुसतं बोलणं," त्या म्हणाल्या.

नवरा, दादासो, कोपऱ्यात शेंगा सोलत होता. अठ्ठावीस वर्षं गूळ बाजारात हमाली करून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहिलेला माणूस. तो मान वर न करता म्हणाला, "सौद्यात थप्पीचा वरचा रवा कोण बगत न्हाय. मधला वढून काढत्यात, ढलपा काढून जिभंवर ठेवत्यात, मगच बोली लावत्यात. तुमचं सरकार मातूर वरचाच रवा बगून घर भरतंय."

"तेच तर सांगायला निघाली हाय."

"मग मधला रवा तू तरी झाकून कशाला न्हेतीस?"

झेरॉक्स संघर्षनंच परत फाइलीत घातली, सगळ्यात वर.

गुरुवारी सभागृहात वीसेक माणसं होती. अध्यक्ष अनुजा रेगे, निवृत्त सनदी अधिकारी. कमी बोलणाऱ्या आणि पूर्ण ऐकणाऱ्या, म्हणजे दुर्मीळच. त्यांच्या शेजारी सल्लागार कंपनीचा विश्वजित सरनाईक. पडद्यावर त्याच्या पाट्या एकामागून एक सरकत होत्या. सगळी खरेदी ऑनलाइन, मालाचे फोटो अपलोड, पुरवठादारांना गुण. पोरगा मन लावून काम करणारा होता, त्यात शंका नाही.

अंजनाबाईंनी आपलं म्हणणं मांडलं. विश्वजितनं नम्रपणे ऐकलं आणि तितक्याच नम्रपणे खोडलं. "मॅडम, भावना समजली. पण प्रत्येक माल वापरून बघायचा म्हणजे पुरवठा रखडणार. कामगार नाही म्हणाला तर पुरवठादार कोर्टात जाणार. शिवाय ठेकेदार कामगारावर दबाव आणणार. त्यापेक्षा फोटोमध्ये नमुना आणि माल सारखा आहे का, एवढं सिस्टीम बघू शकते."

"तुम्ही मूळचे कुठले?" अंजनाबाईंनी विचारलं.

"इथलाच. शिवाजी पेठेतला."

"मग गुळाचा सौदा बघितलाय का?"

"लहानपणी बघितलाय की." दिल्लीत दहा वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून तो 'की' आपसूक निघाला आणि दोघं-तिघं हसले.

"फोटो बघून कुणी रवा घेतला होता का?"

विश्वजित हसला, पण सोडायला तयार नव्हता. "तिथं खाणारा आणि घेणारा एकच असतो, मॅडम."

"नेमकं तेच. सरकारात घेणारा एक आणि वापरणारा दुसरा. म्हणून तर वापरणाऱ्याला दारात उभं करा म्हणते. सगळ्यांना नको. शंभरातले पाच नग, तेही पुरवठादारानं न निवडलेले. वापरणारी पाच माणसं चिठ्ठी टाकून काढायची, म्हणजे दबाव कुणावर आणायचा हे ठेकेदाराला आदल्या दिवशी कळणारच नाही. आणि मुदत एक दिवस. एका दिवसानं सरकार बुडत नाही."

रेगेबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे करता येईल. पण नियमात घालायचं तर मला कारण दाखवावं लागेल. नमुन्याबरहुकूम माल येऊनसुद्धा नुकसान झाल्याचं एखादं कागदोपत्री उदाहरण आहे?"

अंजनाबाईंनी झेरॉक्स पुढं सरकवली. रेगेबाईंनी ती दोनदा वाचली.

"पण हा अहवाल तर तुमच्या विरुद्ध जातो. साधनं पुरवली होती, बाईंनी वापरली नाहीत, असं यात आहे."

"अहवाल चुकलाय, मॅडम. आणि तो ज्या उताऱ्यावर उभा आहे, तो मी दिलाय." अंजनाबाईंना राग आला होता, स्वतःचाच. मग प्रमाण भाषा सुटली ती सुटलीच. "बूट नऊ नंबरचं हुतं. बाईचा पाय चार नंबरचा. मला ठावं हुतं. बूट दिलं असं लिवलं, पायात बसत न्हाईत असं लिवलं न्हाय. माझ्या अर्ध्या कागदानं त्या बाईला दोषी ठरिवलं."

विश्वजितनं लॅपटॉप हळूच मिटला.

रेगेबाई सावकाश म्हणाल्या, "शिंगेबाई, हे मी ऐकून सोडून देऊ शकते. नोंदीवर घेतलं तर मला ते पालिकेला कळवावं लागेल. प्रकरण पुन्हा उघडेल आणि पहिलं पत्र तुम्हालाच येईल. काय करू?"

"नोंदीवर घ्या. नाव, हुद्दा, सही, सगळं घ्या."

"विचार करून सांगा."

"एकोणीस वर्षं तेच केलंय, मॅडम."

चार महिन्यांनी नव्या नियमांचा मसुदा निघाला. त्यात वापरणाऱ्याच्या चाचणीचं कलम होतं, पाच नग, चिठ्ठी आणि एक दिवस, जसंच्या तसं. विश्वजितनं फोन करून कलमाचा क्रमांक सांगितला. वर म्हणाला, "बाई, 'शक्यतो' हा शब्द दोघांनी घालायला बघितला. मी घालू दिला न्हाय." ही बातमी घेऊन संघर्षनं गल्लीभर पेढे वाटले.

त्याच आठवड्यात रजिस्टर टपालानं पालिकेचं पत्र आलं. खुलासा मागितला होता, पंधरा दिवसांत. संघर्षचा चेहरा उतरला, तो वकिलाचा नंबर शोधायला लागला. अंजनाबाईंनी पत्र घडी करून पदराखाली घेतलं, पायात चपला सरकवल्या आणि विहाराच्या मागच्या गल्लीत गेल्या.

चिमणाबाई दारात बसल्या होत्या. "जयभीम मावशी" म्हणून अंजनाबाई उंबऱ्यावरच टेकल्या. सभेत काय बोलल्या ते सगळं सांगितलं आणि पत्र उघडून मोठ्यानं वाचलं. 'सदर गमबूट कर्मचाऱ्यास वापरण्यायोग्य नव्हते, ही बाब माहीत असूनही आपण चौकशी अधिकाऱ्यांपासून लपवून ठेवली, सबब आपला खुलासा…'

"थांब," चिमणाबाई म्हणाल्या. "बुटाचं परत वाच."

अंजनाबाईंनी परत वाचलं.

"हे सरकारनं लिवलंय?"

"व्हय. शिक्का हाय खाली."

चिमणाबाईंनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आमचं मालक मरस्तवर म्हणायचं, तू बूट घातलं असतंस तर पाय गेला नसता. पोरं बी तेच म्हणत्यात. एवढी वर्सं मला बी तसंच वाटाय लागलंतं बग. म्हटलं, सुतळी अजून आवळाय पायजे हुती."

माफी मागायला आलेल्या अंजनाबाईंना रडू आवरेना. चिमणाबाईंनी त्यांना रडू दिलं. गप्प कर म्हणाल्या नाहीत आणि असू दे असंही म्हणाल्या नाहीत.

"आता हेला उत्तर काय देणार?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पोरगं वकील बगाय लागलंय. पण माझं उत्तर एकच हाय. मान्य हाय म्हणून लिवणार."

चिमणाबाई भिंतीला धरून उठल्या. लंगडत आत गेल्या आणि नातीच्या दप्तरातली वही आणि पेन घेऊन बाहेर आल्या.

"मग हितंच लिव," त्या म्हणाल्या. "आणि लिवशील तसं मोठ्यानं वाच. थोरला आत बसलाय, त्येला बी ऐकू जाऊ दे."