सत्तार पेंटरची नदी

सत्तारभाई गेल्याची बातमी मला तीन वेळा मिळाली आणि तिन्ही वेळा तो वेगळ्याच कारणानं गेला होता. पांढरकवड्याहून उमरखेडला येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं की तो चाळीस फुटांच्या शिडीवरून पडला. दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्यानं सांगितलं की वणीच्या रस्त्यावर त्याला ऊन लागलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचं, शमीमचं पोस्टकार्ड आलं. अब्बा सकाळी चहा पिऊन खाटेवर टेकले ते उठले नाहीत, एवढंच त्यात होतं. खरं सांगतो, मला आधी रागच आला. आयुष्यात एक गोष्ट सरळ न केलेला माणूस इतका सरळ गेला कसा... याला पाच आठवडे झाले. रडायचं ते रडून झालं. आता त्याच्या जिंकण्याची गोष्ट सांगतो, कारण ती आमच्या तालुक्यात जो तो सांगतो आणि जो तो चुकीची सांगतो. मी तिथं हजर होतो. जिथं तुम्हाला वाटेल की इथं मास्तर वाढवून सांगतोय, तेवढं बहुधा खरं असेल.

तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून नुकताच मुंबई राज्यात आला होता. केळापूरपासून तीन कोसांवरच्या एका गावात मी नवा मास्तर होतो आणि गावच्या नाट्यमंडळाचा सेक्रेटरी होतो, म्हणजे सतरंज्या गोळा करणारा. कापसाची वेचणी आटोपली की शिमग्याला गावात नाटक व्हायचं. सत्तारभाई गावातच लोखंडी पेट्या रंगवायचा. लग्नाच्या पेट्या, त्यांच्यावर मधोमध गुलाब आणि दोन बाजूंना दोन पोपट. तालुक्यातली एकही नवरी त्याच्या पोपटांशिवाय सासरी गेली नाही. एका नवरीनं मांडवातच पेटीवरच्या पोपटाला डाळ भरवली असं लोक सांगतात. ते साफ खोटं आहे. मिरची भरवली होती.

त्या वर्षी नाटकाला सहा दिवस उरले असताना, सोमवारी, भाड्यानं पडदे देणाऱ्या मंडळींचं पत्र आलं की नदीकाठाचा पडदा दुसऱ्या गावाला गेला. मंडळाचे अध्यक्ष बापूराव, दीडशे एकर कापसाचे धनी आणि आवाज असा की ते बोलायला लागले की जिनिंगचा भोंगा लाजून गप्प बसे. त्यांनी पत्र वाचलं आणि हातातली सुपारी तशीच ठेवली. तिसऱ्या अंकात नायिका, म्हणजे मिशी काढलेला आमचा पोस्टमन, नदीत उडी घेतो. नदीच नसेल तर त्यानं उडी घ्यायची कुठं?

"नदी नाही तं नाटक नाही," बापूराव म्हणाले.

सत्तारभाई दाराशी बसून मंडळाची पाटी रंगवत होता. मान वर न करता म्हणाला, "मी काढून देतो ना नदी."

"पेटी नाही ते सत्तार. वीस फुटी पडदा आहे."

"मंग मोठी पेटी समजतो."

"अन् लोक हसले तं?"

"लोक हसले तं ब्रश सोडतो, बापूराव. अदिलाबादले साळ्याचं सायकलचं दुकान आहे, पंक्चर काढीन."

सगळे हसले. तोही हसला. पण मला ठाऊक होतं की साळ्याची तीन पत्रं येऊन गेली होती आणि बीबीनं गाठोडं बांधायला घेतलं होतं. पेट्यांवर सातजणांचं घर चालत नव्हतं. शिवाय बोळातून चालताना त्यानं माझा दंड धरला आणि जे सांगितलं ते ऐकून मला मंडळाच्या सगळ्या सतरंज्या अंगावर ओढून झोपावंसं वाटलं.

"मास्तर, कोनाले सांगू नका. मले पानी काढता येत नाही."

"म्हणजे?"

"पेटीवर पानी कुठं असते? गुलाब असते, पोपट असते. अन् पान्याले रंगच नाही बापा, मी काढू कायचं?"

"मग हो काहून म्हटलं?"

"तोंडातून निघून गेलं..."

मी शाळेत ताप आल्याचं कळवलं आणि आम्ही दोघं एका सायकलवर नदी शोधायला निघालो. मंगळवारी डोंगरातल्या कोलामांच्या पोडावर गेलो. पोड म्हणजे त्यांची वस्ती, दहा-पंधरा घरांची. पोडाचा प्रमुख मारू नाईक. सत्तारभाईनं त्याला विचारलं, "नाईक, जंगलाचा रंग कोनता?" मारू नाईक म्हणाला, "कोनत्या वेळचा?" आणि मग सकाळचा, दुपारचा, ढग आलेला, वाघ जवळून गेलेला, असे जंगलाचे रंग तो तासभर सांगत बसला. आम्ही मान वर करून पाहिलं. फाल्गुन होता. साग राखाडी, मोह उघडाबोडका, आणि पळस असा पेटलेला की त्यावर विडी लावावी. मी लावली होती. सत्तारभाईनं टोपी काढून हातात घेतली. "मास्तर, मी आजवर झाड म्हटलं की हिरवा डबा उघडत होतो. किती डबे फुकट गेले." निघताना मारू नाईकानं आमच्यासाठी ढोल वाजवला नाही. तो म्हणाला, पाहुण्यासाठी ढोल वाजत नाही, कारण असावं लागते. कारण घेऊन या.

बुधवारी बंजाऱ्यांच्या तांड्यावर. तिथं झमकूयाडी घागऱ्यावर आरसे टाचत बसली होती. याडी म्हणजे आई, सगळा तांडा तिला तसंच म्हणायचा. तिचा लाल रंग भारी की सत्तारभाईचा, यावर दोघांचं असं जुंपलं की तांड्यावरची कुत्री भुंकायची थांबून ऐकायला बसली. वाद चालू असताना तिला पट्टा तिरपा लागलेला दिसला. तिनं एक दोरा ओढला आणि हातभर शिवण एका झटक्यात मोकळी झाली. सत्तारभाई उसवलेला दोरा वेचायला वाकला. "इतकी मेहनत गेली ना, याडी." ती म्हणाली, "मेहनत कुठं गेली? कपडा तं इथंच आहे." नाटकाला येईन, पण समोर बसवाल तर, असंही बजावलं.

गुरुवारी पैनगंगा. दिवसभर काठावर बसलो. सत्तारभाईनं पुठ्ठ्यांवर सहा वेळा पाणी काढलं. एक चादरीसारखं दिसलं, एक शेवाळलेल्या भिंतीसारखं, आणि एक इतकं हुबेहूब रस्त्यासारखं की काठावर चरणारी म्हैस त्यावरून चालत गेली. शेवटी त्यानं ब्रश धुतला. मग त्यानं बापाची गोष्ट सांगितली. बाप भांड्यांना कल्हई करायचा. "अब्बा म्हनत, आपली चमक दुसऱ्याच्या भांड्यात जाते बेटा. मास्तर, मले एकच गोष्ट अशी करायची आहे का लोकाईनं थांबून पाहावं. नवरी पेटी पाहत नाही, पेटीत काय आहे ते पाहते." उन्हं उतरेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. पाणी मात्र काही सापडलं नाही.

शुक्रवारी जिनिंगच्या आवारात, दोन गोदामांच्या मधल्या जागेत, मांजरपाटाचे दोन लांब पट्टे मधोमध शिवून पडदा अंथरला. आणि इथं ती चूक झाली, जी फक्त पेट्या रंगवणारा माणूसच करू शकतो. पेटी रंगवताना तो पेटी फिरवायचा. वीस फुटी कापड कसं फिरवणार? म्हणून तो स्वतः फिरला. सकाळी पूर्वेच्या गोदामाची सावली, तर त्या कडेला बसून त्यानं झाडं काढली. जुम्म्याची नमाज पढून आला तोवर सावली पश्चिमेच्या गोदामाकडे सरकलेली, तर तो त्या कडेला जाऊन बसला. शनिवारीही तसंच. ज्या कडेला काम नाही ती गुंडाळून तरटाखाली, धूळ बसू नये म्हणून. अधूनमधून हाक यायची, "मास्तर, समोर काय आहे?" मी तरट उचलून सांगायचो, "पळस." "मंग इकडंही पळस. डावा पोपट तसा उजवा पाहिजे." मॅट्रिक आणि मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास झालेला मी दोन दिवस हे ओरडून सांगत होतो आणि माझ्याही डोक्यात उजेड पडला नाही. मधली जागा पाण्यासाठी कोरी ठेवली होती. ती कशी भरायची हे त्याच्या अल्लालाच ठाऊक.

रविवारी चार वाजता नाटकाच्या ओट्यावर पडदा बांबूवर चढवला, तेव्हाच लोक जागा धरायला जमले होते.

खालची झाडं सुरेख उभी होती. वरची झाडं आभाळाला मुळं रोवून खाली डोकं करून लटकत होती. मध्ये कोरं कापड. बापूरावांनी हातातली सुपारी पुन्हा तशीच ठेवली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजीनं शाळा सोडून झाडाईले शीर्षासन शिकोलं वाट्टे." खसखस पिकली. ती पहिल्या रांगेपासून मागच्या पिंपळापर्यंत गेली. सत्तारभाईनं ब्रश गोळा करून पिशवीत टाकले. त्याचा चेहरा मी नंतर कधीच तसा पाहिला नाही आणि पाहू नये. "मास्तर, अदिलाबादची पाचची गाडी भेटन ना?" एवढंच म्हणाला.

झमकूयाडी दुपारपासूनच पुढची जागा धरून बसली होती. तिनं त्याचा सदरा मागून धरला. "कुठं चालला रे? पट्टा उलटा लागला तं आम्ही घागरा जाळतो का? उसव."

"उसवून काय होते याडी? वरची झाडं उलटीच राहतीन."

"मंग खाली लाव त्याईले. खालचं कोन पाहते?"

सत्तारभाईचा एक पाय ओट्यावर, एक खाली. त्यानं पडद्याकडे पाहिलं. मान तिरपी केली, सरळ केली. पिशवी हातातून कधी सुटली ते त्याला कळलं नाही. अगदी हळू आवाजात म्हणाला, "मास्तर... वरचं खाली. अन् उलटंच राहू द्या." मला काही उमगलं नाही. याडीनं तोवर दोरा ओढला होता.

वरचा पट्टा तसाच उलटा खाली शिवून दिवेलागणीला पडदा पुन्हा चढला आणि गॅसबत्त्या पेटल्या. मुळाला मूळ भिडलं होतं. उभ्या पळसाखाली उलटा पळस, सागाखाली साग, मोहाखाली मोह, एकाचंही बोटभर इकडेतिकडे नाही. वरचं कोरं कापड आभाळ झालं होतं आणि खालचं कोरं कापड पाण्यातलं आभाळ. शिवणीवर त्यानं बोटभर मातकट रेघ ओढली, तोच काठ. याडीनं आपल्या घागऱ्याचे मूठभर आरसे खालच्या झाडांत टाचले, ते बत्तीच्या उजेडात लखलखत होते. पाण्याचा एक थेंबही कुणी काढला नव्हता आणि समोर नदी भरून वाहत होती. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी धोतरं वर धरली. गारवा असा सुटला की मागच्यांनी घोंगड्या मागवल्या. तिसऱ्या अंकात पोस्टमन काठाशी येऊन थांबला तो थांबलाच. प्रॉम्प्टर दोनदा ओरडला, "मार उडी." पोस्टमन कुजबुजला, "मले पोहता येत नाही."

एक गफलत राहिली होती. पश्चिमेच्या कडेला सत्तारभाईनं हौसेनं एक वानर काढलं होतं, पूर्वेकडे काढायचं विसरला. त्यामुळे पाण्यात वानर आणि झाडावर कुणीच नाही. ते आधी दिसलं पोडावरून नाटकाला आलेल्या मारू नाईकाला. त्यानं बराच वेळ निरखून निकाल दिला, "वानर आत्ताच पयालं. पान्याले अजून खबर नाही." आणि खांद्यावरचा ढोल पुढे ओढला. कारण मिळालं होतं. बापूरावांनी नाटक थांबवून तोच पडदा तीन वेळा वर करून खाली सोडायला लावला, चौथ्या वेळी स्वतःचा फेटा सत्तारभाईच्या डोक्यावर ठेवला, आणि पोस्टमन काठावर साडी सावरत ताटकळत राहिला. त्या नाटकात नायिका शेवटपर्यंत मेली नाही. कुणाची तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं साळ्याला कार्ड टाकलं, ते मीच लिहून दिलं. दुकान तुम्हीच सांभाळा. पुढं वणीपासून उमरखेडपर्यंत ज्या गावात नाटक झालं त्या गावात सत्तारभाईची नदी गेली. मोठ्या शहरातले पेंटर येऊन विचारायचे, पाणी कसं काढता? तो म्हणायचा, "काढाचंच नाही. जागा सोडाची, ते येते." मलाही हे सूत्र घरात, शाळेत बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडलं. पण तो विषय वेगळा.

मागल्या आठवड्यात मातमपुर्सीला, म्हणजे घरच्यांच्या सांत्वनाला, गेलो होतो. घराच्या दारावर त्यानं नाटकानंतर लावलेली पाटी तशीच आहे. वर सत्तार पेंटर आणि खाली तीन शब्द, पडदे, पेट्या, पाट्या. उन्हापावसानं पेट्या आणि पाट्या पार फिक्या झाल्या आहेत, नीट डोळे बारीक केल्याशिवाय वाचता येत नाहीत. पडदे हा शब्द मात्र कालच लिहिल्यासारखा, रंगावर रंग चढून इतका जाड झालेला की मी टाचा उंचावून डोळे मिटले आणि बोटानं वाचला. शमीम चहा घेऊन दारात उभी होती.

"दर ईदेले शिडी लावत अन् तेवढाच रंगवत," ती म्हणाली. "मी म्हने, अब्बा, बाकीचे दोन बी करा ना. तं म्हनत, ते लोकाईले माहीत आहेत."