मासिकातली अडाणी आई

लेक दोन महिन्यांची होती. बुलढाण्याच्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. बाळंतपणाच्या रजेत देऊळघाटला आईकडे राहत होते, तेव्हा पुण्याच्या एका फॅशन मासिकाची माणसं गावात आली. 'देशोदेशीच्या आया' असा त्यांचा विशेषांक निघणार होता. संपादिकाबाई गोड बोलल्या. मलाही हौस होती, खोटं कशाला सांगू?

बाईंनी आमच्या घरातली फरशी पाहिली, टीव्ही पाहिला आणि शेजारच्यांचा गोठा मागून घेतला. मला चष्मा काढायला लावला. सोबत आणलेली नऊवारी नेसवली, नाकात दाबाची नथ अडकवली.

आई दारातून ओरडली, "काऊन वं, आपलं घर काय वाईट हाय? लेकराले माशा चावून राह्यल्या तिथं!"

"दहाच मिनिटं, आजी," बाई म्हणाल्या. दोन तास लागले.

मी कॉलेजात परत रुजू झाले आणि अंक आला. पॅरिसची आई वकील होती, नाव-आडनावासकट. जपानची आई इमारतींचे आराखडे करायची. तिचं पानभर मनोगत होतं. शेवटच्या पानावर मी. नाव नाही. खाली एक ओळ : 'मातीतली आई. अक्षरओळख नाही, पण माया अपार.'

बारावीच्या पोरी अंक घेऊन वर्गात आल्या. "मॅडम, ह्या तुम्हीच ना?" मी फळ्याकडे वळले आणि समीकरण चुकीचं लिहिलं.

मासिकाला तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच बाई आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आल्या. विषय होता 'माध्यमांतली स्त्री'. पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम मी मागून घेतलं. बाईंनी मला ओळखलंच नाही.

मी माइक हातात घेतला. "आजच्या पाहुण्या म्हणजे शहरातली एक आई. नावाची गरज नाही. वाचता येत नसावं, कारण तीन पत्रं पाठवूनही उत्तर आलं नाही. पण माया अपार."

आधी मागच्या बाकांवरून हसू फुटलं, मग सगळं सभागृह. बाई कानापर्यंत लाल झाल्या. व्याख्यान त्यांनी दहा मिनिटांत गुंडाळलं.

चहाच्या वेळी त्या माझ्यापाशी आल्या. "तुम्ही माझा अपमान केलात."

"हो."

"ती ओळ मी कौतुकानं लिहिली होती."

"मीही कौतुकच केलं."

प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. मी दिला आणि त्या पानाची झेरॉक्स जोडली. त्यांनी ती पाहिली आणि खुलासा फाईलला लावून टाकला. दोन महिन्यांनी मासिकाच्या एका कोपऱ्यात दुरुस्ती छापून आली : माझं नाव, शिक्षण, नोकरी.

"झालं ना आता? सोड तिले," आई म्हणाली.

मी सोडलेलं नाही. व्याख्यानाच्या दिवशी बाई कुणाकडे न बघता गाडीत बसल्या आणि घाईत त्यांचा पदर दारात अडकला. भांडी घासताना, पेपर तपासताना मला ते आठवतं, आणि दर वेळी तितकंच बरं वाटतं.