तोरणमाळची डाळ

अभ्यास करण्यासाठी देवाने माणसाला डोळे नव्हे, तोंड दिलं आहे, असं मानणारी माझ्या पाहण्यात एकच व्यक्ती: माझी चुलत बहीण. ब्राह्मणपुरीहून शहाद्याच्या हायस्कुलात आम्ही एकाच वर्गात जायचो. मी विज्ञानाचा धडा मोठ्या भक्तीने पुन्हा पुन्हा वाचायचो आणि सकाळी कोराच उठायचो. ती एकदा वाचायची, पुस्तक मिटायची आणि गिऱ्हाईक शोधायला निघायची. "आपली बोलीमा सांगता उनं, तरच समजनं," असं तिचं अहिराणीतलं म्हणणं. मग कापूस वेचून दमून आलेल्या बायका असोत की दाढी करायला आलेला न्हावी, कोणाचीही सुटका नसे. तो वस्तरा हवेत धरून तरफेचे प्रकार ऐकायचा आणि माझे वडील अर्ध्या दाढीने ताटकळायचे. ऐकणाऱ्याने शंका काढली की बाई खूश! उत्तर अडलं तर बोलणं तिथेच टाकून ती पुस्तकाकडे धावायची. असा अभ्यास मी जन्मात पाहिला नाही.

आकृत्या ती अंगणात रांगोळीने काढायची, त्याही न पाहता, आणि मग पुस्तकाशी ताडून चुका पुसायची. एका दिवाळीला दारात बेडकाचं हृदय होतं. शेजारच्या काकू त्यावर हळदकुंकू वाहायला बसल्या, तर ही म्हणते, "पूजा कर काकू, पन डावी कर्णिका पुसू नको." नवा धडा आला म्हणून जुन्याला तिने कधी सुट्टी दिली नाही. भाकरी वाढताना मध्येच विचारायची, "लोखंडले गंज कसा लागस?" उत्तर येईपर्यंत भाकरी तिच्याच हातात. खरं सांगतो, मी पास होत गेलो तो भुकेपोटी.

तिचे वडील, म्हणजे माझे काका, तेवढे तिच्या तावडीत कधी सापडले नाहीत. तिने तोंड उघडलं की ते गोठ्याकडे वळत. अशात मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली आणि तापीकाठच्या केळीवाल्यांचं स्थळ चालून आलं. काका हो म्हणाले असते, तर परीक्षा नाही, कॉलेज नाही, सगळं तिथेच संपणार होतं. ती रात्रंदिवस धास्तावलेली असायची.

पाहुणे बसले. मुलाच्या आत्याने विचारलं, "पोरी, दाळ रांधता येस का तुले?"

"येस. पन अठे लवकर शिजस, तोरणमाळवर येळ लागस."

झालं! तोरणमाळ उंच डोंगरावर, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं पण पुरेसं तापत नाही, हे सगळं तिने अहिराणीत, हातवारे करून सांगितलं. पाहुण्यांच्या बशांतला चहा निवून गेला. तिच्या आईने कपाळाला हात लावला. आता काका ओरडणार म्हणून मी अंग चोरलं, तर ते जरा पुढे सरकले.

"मंग तोरणमाळना लोके काय, कच्ची दाळ खातस?"

पाहुण्यांकडे पाठ करून ती त्यांच्यासमोर बसली. मग म्हणाली, "नही आबा. झाकणवर दगड ठेवाना. वाफ कोंडनी की पानी जास्त तपस."

"बरोबर शे," काका म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले. "पोर अजून शिकी ऱ्हायनी. लगीननं नंतर पाहू."

तिला फर्स्ट क्लास मिळाला. काका स्वतः तिला जळगावच्या कॉलेजात पोचवून आले. पुढे एकदा मी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो.

"आते ती नही, घरमा कोनी काही सांगत नही," ते म्हणाले. "तू तरी काही सांग ना रे."

मी लोखंडाच्या गंजापासून सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडून पुस्तक शोधायला उठलो.