काळजी नसावी

अरुणदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिंडोरीत, द्राक्ष बागायतदारांच्या एका संस्थेच्या कार्यालयात बसून त्यानंच करून ठेवलेला घोळ निस्तरत होते. संस्थेच्या सभासदांच्या फवारणीच्या नोंदी त्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये अडकल्या होत्या आणि नव्या कॉम्प्युटरवर त्या उघडल्या की पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा दिसत होता. फोन कुंदावहिनीचा होता. सकाळी चहा घेताना गेला म्हणाली, त्रास झाला नाही. मी फोन ठेवला, उरलेल्या अकरा फायली संपवल्या आणि मग नाशिक रोडला गेले. यावरून नंतर घरात बरंच बोललं गेलं. पण त्या फायली अर्ध्यावर सोडल्या असत्या तर कुठल्या झाल्या आणि कुठल्या राहिल्या हे कुणालाच कळलं नसतं, आणि अर्ध्यावर सोडलेली कामं आमच्या घराण्यात एकाच माणसाची पुरेशी झाली होती.

शोकसभा झाली. त्यात एका वक्त्यानं त्याला नाशिकच्या मराठी संगणकाचा जनक म्हटलं, दुसऱ्यानं ऋषी म्हटलं. हे दोघंही त्याच्या ऑफिसात कधी पाच मिनिटांहून जास्त बसले नव्हते. मी दहा वर्षं बसले. तो माझा मामेभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास त्यानं सरकारी नोकरी सोडून नाशिक रोडला एका कॉलनीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि मराठीत काम करणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. मी तेव्हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरीच होते. 'शैले, येऊन बस, शिकशील काहीतरी,' म्हणाला. शिकले. काय करू नये ते बहुतेक सगळं तिथंच शिकले.

ज्यांना हा विषय परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे एका कोष्टकात ठरलेलं असतं. आता जगभराचं मिळून एक कोष्टक आहे. तेव्हा मराठीसाठी जो तो आपापलं बनवायचा, आणि एकाची फाईल दुसऱ्याकडे वाचता यायची नाही. दादानंही स्वतःचं बनवलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, सगळेच बनवत होते. तक्रार ही, की ते त्यानं कुठं लिहून ठेवलं नाही. कोष्टक डोक्यात आणि प्रोग्रॅमच्या पोटात. फाईलच्या पहिल्या ओळीत निदान कुठलं कोष्टक आहे त्याचा क्रमांक तरी टाक, असं मी पहिल्या वर्षापासून सांगत होते. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं की ज्याला फाईल उघडायची अक्कल आहे त्याला ते कळलंच पाहिजे. माझ्या घरी मीठ आणि पिठीसाखर एकसारख्या डब्यांत असतात, पण डब्यांवर लिहिलेलं असतं, असं मी म्हटलं तर ऑफिसला आलेल्या माणसांसमोर हसला. 'बाई प्रोग्रॅमिंग शिकली तरी मांडणीच लावणार,' म्हणाला.

तीच गोष्ट प्रोग्रॅममधल्या मजकुराची. पडद्यावर येणारी प्रत्येक सूचना, प्रत्येक शीर्षक, त्यानं प्रोग्रॅमच्या ओळींमध्येच ठिकठिकाणी पेरलं होतं. संस्थेच्या नावात एक शब्द बदलायचा तर चाळीस ठिकाणी शोधत बसायचं, आणि एखादं राहिलं की गिऱ्हाइकाच्या शिव्या मी खायच्या. शेवटी दोन आठवडे बसून मी तो सगळा मजकूर बाहेर काढून एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवला. ते करताना माझ्या लक्षात आलं की शंभरएक वाक्यांतलं दादाला मनापासून आवडणारं एकच आहे. फाईल साठवली की एक चौकट यायची, 'जतन झालं आहे. काळजी नसावी.' ते वाक्य तो गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवायचा, पडद्याकडे बोट करून, मोठ्यानं वाचून. दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रॅममध्ये एवढं आपुलकीचं वाक्य सापडणार नाही म्हणायचा. ते मात्र खरं होतं. इतर लोक आपुलकीऐवजी बॅकअप घ्यायचे.

या वाक्यावर ज्यांनी अक्षरशः विश्वास ठेवला ते म्हणजे भोये गुरुजी. पेठ तालुक्यातल्या एका वाडीवर शाळामास्तर होते. डोंगरातल्या आपल्या लोकांच्या बोलीतले शब्द ते वीस-बावीस वर्षं गोळा करत होते. भाताच्या जाती, गवतं, ओहोळांची नावं, नात्यांची नावं, पाऊस कसा पडतो त्याचे प्रकार... एका शब्दाला एक कार्ड, वर शब्द, खाली अर्थ, कुणी सांगितला त्याचं नाव. साडेतीन हजारांच्या वर कार्डं, बिस्किटांच्या डब्यांत भरून एस.टी.नं आणली होती. त्यांना पुस्तक करायचं होतं. मी आणि आणखी एका बाईंनी मिळून पाच महिन्यांत ती टाइप केली. शेवटच्या दिवशी दादानं गुरुजींसमोर फाईल साठवली, चौकट वाचून दाखवली आणि वर म्हणाला, आता कागद सांभाळत बसायची गरज नाही. गुरुजींनी हात जोडले. डबे शाळेच्या माळ्यावर गेले. दोन पावसाळ्यांत झाकणं गंजली आणि वाळवीनं आतलं सगळं संपवलं.

मधल्या काळात दादानं प्रोग्रॅम नव्यानं लिहिला होता, विंडोजसाठी, आणि कोष्टकही नवं केलं होतं. जुन्या फायली नव्यात आणायच्या होत्या. एका शनिवारी, मी लग्नासाठी विंचूरला गेलेली असताना, त्यानं काम संपून कपाटात पडलेल्या सगळ्या फायली एकामागून एक नव्या प्रोग्रॅममध्ये उघडून साठवल्या. त्याच फ्लॉप्यांवर, त्याच नावांनी. सोमवारी मी विचारलं, मूळ प्रती कुठं आहेत? 'हे काय, जतन झालंय ना,' म्हणाला. एखादी फाईल उघडून वाचून पाहिलीस का, असंही विचारलं होतं. त्यानंतर फ्लॉप्यांचं कपाट त्यानं मला उघडू दिलं नाही. जुना कॉम्प्युटर तर त्यानं आधीच भंगारात दिला होता, जुन्या प्रोग्रॅमसकट.

गुरुजी निवृत्त झाल्यावर पुस्तकासाठी आले तेव्हा दादानं त्यांना फाईल दाखवलीच नाही. सध्या कोष्टक बाहेर देता येत नाही, तो धंद्याचा भाग आहे, असं काहीतरी सांगून चहा पाजून परत पाठवलं. सहा महिन्यांनी पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी मध्ये पडले. त्यांची कार्डं आहेत, त्यांचे शब्द आहेत, तू कोण अडवणारा? त्यावर तो गुरुजींसमोरच म्हणाला, 'शैला, तुला यातलं कळत नाही.' मी त्याच महिन्यात ऑफिस सोडलं. मला वाटलं, हा माणूस दुसऱ्याच्या उभ्या आयुष्यावर कुलूप घालून किल्ली खिशात मिरवतोय. पुढची पाच-सहा वर्षं मी त्याला फक्त लग्नाकार्यात पाहिलं आणि तेवढ्यानंही माझं डोकं तापायचं. गुरुजी मात्र दर दिवाळीला त्याला पत्र टाकत राहिले. माझी फाईल सुखरूप असेल, एवढंच एक वाक्य असायचं म्हणे.

तेराव्यानंतर कुंदावहिनीनं मला ऑफिसच्या कपाटाची किल्ली दिली. 'तू बघ बाई त्यात काय ते. मला तर ते उघडूसुद्धा देत नव्हते,' म्हणाली. वरच्या फळीवर भोये गुरुजींच्या फ्लॉप्या होत्या, रबराचं कडं घातलेल्या. खाली त्याच फाईलचे छापील कागद, आणि त्याखाली पाच जाड वह्या, दादाच्या अक्षरातल्या. मी तिथंच स्टुलावर बसून वाचल्या. पहिल्या वहीची पहिली वीस पानं वाचली आणि मला कळलं की किल्ली त्याच्या खिशात कधी नव्हतीच.

त्या शनिवारी काय झालं होतं ते त्यानं वहीत नीट लिहिलं होतं. जुन्या कोष्टकातल्या तेरा अक्षरांच्या आकड्यांना नव्या कोष्टकात जागाच ठेवली नव्हती. नव्या प्रोग्रॅमनं फाईल साठवताना त्या तेराही अक्षरांच्या जागी निमूट एकच प्रश्नचिन्ह टाकलं. बाकीची अक्षरं नुसती अदलाबदल झाली होती, ती कशी ओळखायची हे त्यानं वीस पानांत चोख सोडवलं होतं. एवढं श्रेय देते. पण प्रश्नचिन्हाखाली तेरांपैकी कुठलं अक्षर होतं हे आता फाईलला माहीत नव्हतं, आणि दादालाही नव्हतं. जवळजवळ प्रत्येक शब्दाला भोक. त्यापुढच्या सगळ्या पानांत त्यानं ती भोकं बुजवली होती. रोज एक-दोन शब्द. शाई बदललेली, मग चष्म्याचा नंबर वाढल्यावर अक्षर मोठं झालेलं... सहा वर्षं. अंदाजानं. ज्या बोलीतला एक शब्दही त्याला येत नव्हता, तिचे शब्द तो नाशिक रोडला खुर्चीत बसून ओळखत होता.

मला वाईट वाटावं अशी वहिनीची अपेक्षा असावी. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पेठला एस.टी. जाते. सकाळची धरली तर माणूस जेवणाच्या आत पोचतो. गुरुजी जिवंत होते, त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती, शब्द सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपैकीही काही होते. माझ्याकडून फाईल खराब झाली, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी त्यानं कंजूष म्हणवून घेतलं, गर्विष्ठ म्हणवून घेतलं, बहीण घालवली आणि सहा वर्षं वह्या भरल्या. कष्ट करणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे लगेच मन हळवं होतं. पण कबुली टाळण्यासाठी केलेले कष्ट मला आळसाहून वाईट वाटतात. आळशी माणसानं निदान त्या म्हाताऱ्यांची सहा वर्षं खाल्ली नसती.

वह्या आणि कागद घेऊन मी पेठला गेले. गुरुजी आता पासष्टीच्या पुढं आहेत. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्याचं ऑपरेशन सुनेच्या सवडीवर आहे. मी आडवळण न घेता सगळं सांगितलं. त्यांनी छापील कागद हातात घेऊन चाचपले. मग म्हणाले, 'वाचा तर. दादांनी काय भरलंय ते वाचा.' भाताच्या एका जातीच्या नावात पहिलं आणि तिसरं अक्षर गेलेलं होतं. दादानं भरलं होतं, टोळकी. मी वाचलं. गुरुजी इतके हसले की सून बाहेर आली.

'टोळकी नावाचं भात कोण पेरील ताई? कोळपी ते. कोळपी.' मग डोळे पुसून म्हणाले, 'लय मेहनत केली बघा त्यांनी. पण इचारलं नाय कुणाला.'

याहून खरं वाक्य शोकसभेत कुणी बोललं नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी जाते. मी कागदावरचा शब्द भोकासकट वाचते, दादाचा अंदाज वाचते, गुरुजी खरा शब्द सांगतात. काही वेळा थांबतात, तोंडातल्या तोंडात दोन-तीन पर्याय म्हणून बघतात. काही वेळा सुनेला शेजारच्या वाडीतल्या एका आजीकडे पाठवतात. काही शब्दांपुढे नुसतं डोकं हलवतात. ते सांगणारा गेला. असे आतापर्यंत एक्केचाळीस झाले. मागच्या रविवारी 'त' संपला. गुरुजी तीन तासांनी थकतात, आणि पुढे निम्म्याहून जास्त आहे.

यासाठी मी नवा प्रोग्रॅम लिहिला आहे, सगळ्या जगाच्या कोष्टकावर चालणारा. फाईलच्या पहिल्या ओळीत कोष्टकाचं नाव आहे. प्रती तीन ठिकाणी ठेवते, आणि दर रविवारी एक छापून गुरुजींच्या पत्र्याच्या पेटीत. पडद्यावरच्या मजकुराची फाईल मात्र जुनीच घेतली, मी दादाकडे असताना वेगळी काढलेली, कारण चांगलं काम पुन्हा करण्यात अर्थ नसतो. त्यातलं एक वाक्य तेवढं काढून ठेवलं आहे. आता फाईल साठवली की चौकटीत किती शब्द पुरे झाले आणि किती उरले एवढंच येतं. गुरुजींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ती दादांची ओळ येत नाही का आता, बरी वाटायची. मी म्हटलं, शेवटचा शब्द तुम्ही सांगितलात की त्याच दिवशी परत टाकते.

त्या दिवशी ती पहिल्यांदा खरी असेल.