कुलूपकाकांच्या न दिलेल्या भेटी

कुलूपकाकांना हे नाव दोन कारणांनी पडलं होतं. एक तर कुलपं दुरुस्त करणं आणि किल्ल्या बनवणं हा त्यांचा धंदा. दुसरं कारण त्यांचं तोंड. गिऱ्हाईक दहा वाक्यं बोललं तर काका "उद्या या" एवढंच म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी ते आलं की मुकाट्याने किल्ली पुढे करून तेवढंही बोलायचं वाचवत. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. आत उभं राहिलं की डोकं पायऱ्यांना टेकायचं, म्हणून ते सदा बसलेले. मागे कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, पुढ्यात कानशी आणि किल्ली कापायचं मशीन, आणि डोक्यावरून दिवसभर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची पावलं.

चर्चमध्येही त्यांची जागा शेवटून दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला, बायकोच्या शेजारी. हा माणूस डीकन होईल असं कुणी म्हटलं असतं तर सगळ्यांत आधी काकाच हसले असते. म्हणजे त्यांच्या परीने, ओठ जरासे लांबवून.

पण म्हातारे डीकन वारले आणि जागा रिकामी झाली. चर्चच्या त्या मंडळीत डीकन निवडायची रीत सोपी होती. ज्याला जे नाव सुचवायचं असेल ते त्याने पाळकसाहेबांच्या कानावर घालायचं. उपासनेनंतर पाळकसाहेब नावं वाचणार, लोक हात वर करणार. जो निवडून येईल त्याचं नाव तीन रविवार पुकारायचं आणि दर वेळी विचारायचं, या माणसाने डीकन होऊ नये असं काही कारण कुणाला ठाऊक आहे का? असेल तर उभं राहून सांगा. तिसऱ्या रविवारीही कुणी अडवलं नाही, की पाळकसाहेब आणि चर्चच्या पंचांनी तिथेच डोक्यावर हात ठेवून नेमणूक करायची. डीकनचं कामही ऐकायला सोपंच. जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांना चर्चची पायरी चढवत नाही, त्यांच्याकडे प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन जायचं आणि त्यांच्यापाशी बसायचं.

नावं तीन निघाली. शाळेतले गुरुजी, कापडाचे एक बडे व्यापारी आणि कुलूपकाका. स्वतःचं नाव ऐकल्यावर काकांनी मागे वळून पाहिलं, या नावाचा आणखी कुणी येऊन बसलाय की काय. तोवर हात वर झाले होते. जवळजवळ सगळ्यांचे. व्यापाऱ्याच्या सख्ख्या भावाचासुद्धा.

घरी जाताना काकांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. त्यांच्या वडिलांनी जन्मभर त्याच चर्चची झाडलोट केली. डीकन व्हावं असं त्यांना फार वाटायचं, पण त्यांचं नाव कधी कुणी घेतलंच नाही. आणि इथे मुलाला न मागता मिळत होतं! असं काय पाहिलं लोकांनी आपल्यात, हे विचारायला हवं होतं. पण एवढं मिळाल्यावर कोण विचारत बसतो?

दुसऱ्या दिवशी दुकानावर ड्रायव्हरची बायको आली. बस चालवणारा तिचा नवरा लकवा झाल्यापासून खाटेवर पडून होता. कपाटाची किल्ली पुढे करत ती म्हणाली, "काका, आमच्या घरातल्या सगळ्यांनी हात वर केला बरं का. का नाही करायचा? यांचे सख्खे भाऊ फिरकले नाहीत. तुम्ही मात्र न चुकता येता."

"मी?" काका म्हणाले.

"बघा, केलेले उपकारही कबूल करायचे नाहीत! येता, यांचा हात हातात घेऊन बसता, चहाला थांबा म्हटलं तरी थांबत नाही. कालसुद्धा मी दूध आणायला उतरत होते आणि तुम्ही वर चढत होतात. हाक मारली तर नुसती मान हलवलीत."

"काल कधी?"

"ऊन उतरताना."

काल ऊन उतरताना काका घरी खुर्चीत झोपले होते. इतके गाढ, की शेजारी बटणं लावत बसलेल्या बायकोने घोरण्यावरून त्यांना दोनदा हटकलं होतं. ड्रायव्हरच्या घरी त्यांनी आजवर पाऊलही टाकलं नव्हतं. बाई गेल्यावर किल्ली मशीनवर चढवली आणि साफ चुकीची कापली. त्यांचा हात असा कधी चुकत नसे.

चार दिवसांनी बेकरीवाला आला. पिठाच्या हातांनीच त्याने काकांचे हात धरले. "माझी आई गेली तेव्हा मी भट्टीवर होतो हो," तो म्हणाला. "तुम्ही तिच्यापाशी होतात म्हणून माझा जीव शांत आहे. तुमच्या हातात हात असताना गेली, असं शेजारीण सांगत होती. मी धावत आलो तोवर तुम्ही निघून गेला होतात. तुमच्यासाठी हात वर नाही करायचा तर कुणासाठी?"

बेकरीवाल्याची आई वारल्याचं त्यांना कळलं ते दुसऱ्या दिवशी, आणि मातीला गेले तेही कबरस्तानाच्या फाटकाशी उभे राहून परत आले.

आता मात्र हिशेब लख्ख झाला. लोकांनी हात वर केले होते ते त्या भेटींसाठी, आणि त्यातली एकही भेट काकांनी दिलेली नव्हती. त्यांच्या तोंडावळ्याचं दुसरंच कुणी आजाऱ्यांच्या घरी जात होतं.

खरं सांगायचं तर काका आजाऱ्याच्या खोलीपासून चार हात लांब राहणारे. दगडाच्या काळजाचे होते असं मुळीच नाही. पण जे बिघडलंय ते हाताने दुरुस्त करायचं, एवढंच त्यांना येत होतं. आजाऱ्यापाशी हाताला काम नसतं. नुसतं बसायचं, आणि समोरचं माणूस संपत जाताना बघायचं. त्यांच्या छातीवर दडपण यायचं, घशाला कोरड पडायची. वडील शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा काकांनी घरातली सगळी कुलपं उघडून, तेल घालून पुन्हा बसवली होती. वडील हाका मारत होते आणि हे महाशय कडी-कोयंड्याशी झटत होते.

आणि बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी तरी काय केलं? तिला दवाखान्यात नेलं, पिशवी खाटेखाली सरकवली आणि "जरा दुकानाकडे बघून येतो" म्हणून जे गेले ते दिवेलागणीला चहाचा थर्मास घेऊन उगवले. ती नुकती शुद्धीवर आली होती. क्षीण हसून म्हणाली, "दिवसभर हात धरून बसलात. अवघडला असेल." गुंगीत बोलतेय, असं काकांना वाटलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा इतका निवांत होता की मूग गिळून बसले. त्याला आता वर्ष होत आलं होतं. त्या दिवसापासून ती मधूनच त्यांच्याकडे निरखून बघायची. ही माया, असं त्यांनी समजून घेतलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात आपण तिला दिलेला सगळ्यांत चांगला दिवस तोच, हेही त्यांनी मनोमन धरून ठेवलं होतं. आणि तो दिवस त्यांचा नव्हताच.

म्हणजे खरं बोलायचं तर डीकनपद जाणार, ते जाऊ दे. पण तिचा तो दिवसही जाणार होता. काकांना धास्ती होती ती त्याची.

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला काही कारण ठाऊक आहे का? काकांच्या गुडघ्यांनी उठायचा प्रयत्न केला. शेजारी बायको पदर सारखा करत होती. काकांच्या तोंडाचं कुलूप काही उघडलं नाही.

शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद करून ते टायपिस्टबाईंकडे गेले. बाई जन्मभर एका कचेरीत टायपिस्ट होत्या. आता पाय गेले होते, पण नजर घारीची आणि जीभ त्याहून धारदार. त्यांना कुणी फसवू शकत नाही, असं सगळ्यांचं मत होतं. जो कोणी जातो तो बाईंकडेही जात असणार. तर त्यांनाच सरळ विचारावं.

दार नुसतं लोटलेलं होतं. खोलीत औषधाचा वास, खिडकीला अर्धा पडदा, भिंतीला लावून लोखंडी खाट, आणि खाटेला अगदी चिकटून एक लाकडी खुर्ची. काका उंबऱ्यातच थबकले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"अरे वा," बाई म्हणाल्या, "आज दोघे?"

खुर्ची रिकामी होती. निदान त्यांना तरी रिकामी दिसत होती.

"दोघे कोण, बाई?"

"कोण म्हणजे? तू आणि तू." बाईंनी डोळे बारीक केले. "मला वाटायचं एकच आहे. हं, आता कळला फरक. हा आला की बसतो. तू दारातच उभा आहेस. तुझा चेहरा बघ, पळायच्या बेतात आहेस."

"तो... बोलतो काही?"

"तुझ्यापेक्षाही कमी."

"मग करतो तरी काय?"

"काय करायचंय?" बाई चिडल्या. "बसतो. मी जागी झाले की असतो. एवढं पुरे नाही का? तुला काही हवं होतं, की नुसता खोळंबा करायला आलायस?"

काकांनी हात जोडले आणि काढता पाय घेतला. जिन्याच्या वळणावर पोचले तोच वरून आवाज आला. कुणीतरी खुर्ची खाटेच्या आणखी जवळ ओढून घेत होतं. बाईंना तर अंथरुणातून हलता येत नव्हतं. उरलेला जिना काका कसे उतरले ते त्यांचं त्यांनाच माहीत.

तिसरा रविवार उजाडला. पुढे पंच ओळीने उभे राहिले. पाळकसाहेबांनी शेवटचं विचारलं, आणि कुलूपकाका उभे राहिले. स्वतःच्याच नेमणुकीला हरकत घ्यायला उठलेला माणूस त्या चर्चने कधी पाहिला नव्हता.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. आवाज घोगरा आला. "मी कुणाकडे गेलेलो नाही. ड्रायव्हरकडे नाही. बेकरीवाल्याच्या आईपाशी मी नव्हतो. टायपिस्टबाईंकडे काल पहिल्यांदा गेलो आणि पळून आलो. मला आजाऱ्यांची भीती वाटते. जो जातो तो मी नव्हे." इथे त्यांना थांबता आलं असतं. त्यांनी शेजारी पाहिलं. बायको समोर बघत बसली होती. "दवाखान्यातही मी नव्हतो," ते म्हणाले. "मी दुकानात होतो."

मग कुठूनतरी एक हसू आलं, मायेचं, आणि ते बाकांवरून पसरत गेलं. ड्रायव्हरच्या बायकोने डोळे पुसले. "काय हा नम्रपणा!" कुणीतरी म्हणालं. बेकरीवाला तर उभाच राहिला. "असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही," तो म्हणाला. काकांनी दोन-तीनदा "अहो, खरंच" म्हटलं, पण जन्मात पहिल्यांदा इतकं बोललेल्या माणसाचं कोण ऐकतो? पाळकसाहेबांनी त्यांना दंडाला धरून पुढे नेलं.

काका गुडघे टेकून बसले. डोळे मिटले. एकेक हात डोक्यावर येत गेला. त्यातले काही जड होते, काही थरथरते. किती हात आहेत ते काकांनी मोजलं नाही. त्यांची हिंमतच झाली नाही.

सगळे हसले तेव्हा एकटी बायको हसली नव्हती. घरी आल्यावर कुलूप तिनेच उघडलं, पाणी प्यायली, मग टेबलाशी त्यांच्यासमोर येऊन बसली. आता उरलंसुरलं सगळं संपलं, असं काकांना वाटलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

काकांनी मान वर केली.

"त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही चहाचा कप माझ्या हातात दिलात ना, तेव्हाच कळलं. तुमच्या हाताला लोखंडाचा आणि तेलाचा वास येतो. किती धुतले तरी जात नाही. दिवसभर जो हात मी धरला होता त्याला कसलाच वास नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. रोज तुमच्या तोंडाकडे बघायचे. आज बोललात, तेही सगळ्यांसमोर." तिने पदर सारखा केला. "आणि मी रागावू तरी कशी? कोणीतरी आलं होतं ना."

"तुला भीती नाही वाटली? कोण असेल तो?"

"वाटली. एकटं पडण्याची जास्त वाटत होती." तिने टेबलावरचं नसलेलं काहीतरी बोटाने पुसलं. "तुमचं नाव पाळकसाहेबांना मीच सांगितलं. लोकांनी हात का वर केले ते लोकांना माहीत. मी सांगितलं, कारण डीकनला जावंच लागतं. चार परक्या खाटांपाशी बसलात की सवय होईल. डॉक्टरांनी मला पुन्हा बोलावलंय. या वेळी जास्त दिवस ठेवतील म्हणाले."

छातीवर ते जुनं दडपण आलं. त्यांनी उठायला टेबलावर हात टेकवले, आणि ते उठले नाहीत.

तिने त्यांचा एक हात ओढून घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"या वेळी तो नको," ती म्हणाली. "तुम्ही या."