‘रेसिपी’ नावाचा फोल्डर

मी रविवारी फुकट काम करते, हे कळल्यावर ऑफिसातले लोक हसतात. काम असं: एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे, कुणा एका कंपनीची नाही, जगभरातले लोक मिळून ती चालवतात. तिच्यात नवा प्रोग्रॅम घ्यायचा तर आधी कुणीतरी त्याचं पॅकेज बांधतं. म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवायची, प्रोग्रॅम कधी सुरू व्हावा, काढून टाकल्यावर मागे काय उरावं, हे सगळं ठरवून दिलेला गठ्ठा. तो लोकांपर्यंत जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तपासायचा असतो. ती दुसरी मी, जोगेश्वरी पूर्वेच्या दोन खोल्यांत ओट्याकडे पाठ करून बसलेली. खडूस म्हणून माझी ख्याती होती आणि मला ती आवडायची.

नव्या तपासनिसांना मी पहिल्याच दिवशी दम भरायची: पॅकेज स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाकून बघायचं नाही, त्यासाठी एक रिकामा कॉम्प्युटर वेगळा ठेवायचा. त्या रविवारी माझा रिकामा, जुनाट लॅपटॉप सुरूच होईना. बारा वाजत आले होते, भात लावायचा होता, आणि पॅकेज बांधणारा परदेशातला गृहस्थ महिनाभर अदबीने विचारत होता, झालं का म्हणून. दहा मिनिटांचं तर काम, असं म्हणून मी ते माझ्या रोजच्या कॉम्प्युटरवर टाकलं. इतरांना दम देऊन देऊन मला वाटायला लागलं होतं की नियम त्यांच्यासाठीच आहे.

प्रोग्रॅम फाइली वाटून घेण्याचा होता. एका कॉम्प्युटरवरचे फोटो, गाणी, सिनेमे त्याच वायफायवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, फोनवर, टीव्हीवर दिसावेत, एवढंच त्याचं काम.

आता समोरच्या घराबद्दल सांगायला हवं. समोरची माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. तिचा नवरा तिला मारायचा, दार लावून, टीव्हीचा आवाज वाढवून. मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे जिन्यात त्याच्याशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचे. मीसुद्धा बोलायची, याची मला लाज वाटते. तो रोज तिचा फोन तपासायचा. म्हणून ती फोटो काढून मला पाठवायची आणि लगेच पुसून टाकायची. दंडाचे, मानेचे, एक कानामागचा. पाठीचे मी काढले होते. अंधेरीच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, फोटो तारखेसकट जपून ठेवा आणि त्याला वास लागू देऊ नका. मुलीची परीक्षा संपली की ती मुलुंडला भावाकडे जाणार आणि मग तक्रार करणार, असं ठरलं होतं. परीक्षेला तीन आठवडे होते. तोवर ते नऊ फोटो माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या बाकीच्या फोटोंमध्येच, ‘रेसिपी’ नावाच्या फोल्डरमध्ये होते. नाव तिनेच सुचवलं होतं, हसत हसत.

वायफाय मात्र दोन्ही घरांत एकच. डबा माझ्याकडे, पासवर्ड त्यांच्याकडेही. आमच्या बिल्डिंगमध्ये असंच चालतं.

पॅकेज टाकलं आणि कुकर लावायला उठले. कोथिंबीर निवडली, डाळीला फोडणी दिली. वीस-पंचवीस मिनिटांनी येऊन तपासणीची यादी काढली. परवाना ठीक. फाइली योग्य जागी. पुढचा प्रश्न: टाकल्या टाकल्या प्रोग्रॅम आपणहून सुरू होतो का? बघितलं तर तो कधीचाच सुरू झाला होता, आणि माझा फोटोंचा आख्खा फोल्डर वाटत बसला होता. बांधणाऱ्याने तसं लिहूनही ठेवलं होतं, की सोयीसाठी फोटो, गाणी आणि व्हिडिओ सुरुवातीपासूनच सगळ्यांना खुले राहतील. ती ओळ मी सकाळी वाचली होती. तिच्यासमोर बरोबरची खूण माझीच होती.

मी आधी प्रोग्रॅम काढून टाकला, मग धावत जाऊन वायफायचा डबा बंद केला, मग नोंदी उघडल्या. कुणी काय उघडलं ते हा प्रोग्रॅम लिहून ठेवतो. बारा वाजून सहा मिनिटांनी: एक टीव्ही, फोल्डर ‘रेसिपी’, नऊच्या नऊ फोटो. माझ्याकडे टीव्ही नाही.

तेवढ्यात दार वाजलं.

तो होता. केस ओले, खांद्यावर टॉवेल. "ताई, नेट गेलं काय? मॅच चालू आहे ना."

"बघते," मी म्हणाले.

"आणि टीव्हीवर काय भलतंच येतंय बघा. तुमच्या कॉम्प्युटरचं नाव येतंय. या ना जरा."

मी त्याच्या मागे गेले. न जाऊन काय करणार होते? तो मला बोलावतोय ते दाखवायला की विचारायला, तेच कळत नव्हतं. ती ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. तिने वर बघितलं नाही. तिने वर का बघितलं नाही, याचे मी त्या चार पावलांत किती तरी अर्थ लावले. टीव्हीच्या यादीत खरंच माझ्या कॉम्प्युटरचं नाव होतं. त्याने रिमोट उचलला. "इथे ओके दाबलं तर काय होतं?" म्हणत दाबलंच.

पडद्यावर लोडिंगचं चक्र फिरत राहिलं. मी त्याच्याकडे बघत होते, तो पडद्याकडे. मग अक्षरं आली, डिव्हाइस सापडत नाही.

"व्हायरस आहे," मी म्हणाले. "दाबू नका परत."

"तुम्ही एवढ्या कॉम्प्युटरवाल्या आणि तुमच्याकडे व्हायरस?" तो खदखदून हसला. मीही हसले. तो ते पहिल्यांदाच दाबत होता, हे त्या हसण्यावरून मला कळलं.

ती वाटीत कोशिंबीर घेऊन दारापर्यंत आली. "ताईला देऊन येते," असं आत सांगून माझ्याबरोबर माझ्या घरात शिरली.

"मी बघितलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तो अंघोळीला गेला होता. तुझं नाव दिसलं म्हणून दाबलं. म्हटलं ताईने काय लावलंय."

"माझी चूक आहे गं. सगळी माझी चूक."

तिने ते ऐकलंच नाही. "फोनवर एवढंसं दिसायचं. टीव्हीवर पाठ केवढी दिसली! मला वाटलं, बाई गं, ही कोण?" मग म्हणाली, "मी आजच जाते."

"आणि परीक्षा?"

"मामा सोडेल रोज. नाय तर नाय देणार."

मुलगी त्या दिवशी मामाकडेच होती. मी नेट चालू केलं. जेवून, मॅच बघता बघता त्याचा डोळा लागला, आणि ती कापडाची एक पिशवी घेऊन निघाली. नाक्यावर मी तिला रिक्षात बसवलं. रिक्षावाला मुलुंड म्हटल्यावर कुरकुरत होता आणि मी सारखी मागे वळून आमच्या गल्लीकडे बघत होते.

पॅकेज मी नापास केलं. टाकल्यावर आपणहून सुरू होऊ नये, आणि वापरणाऱ्याने निवडल्याशिवाय एकही फोल्डर खुला असू नये, असं लिहिलं. तपासणी नियम मोडून केली हेही लिहिलं. त्या गृहस्थाने विचारलं, यातून कुणाचं नुकसान होण्याची खरंच शक्यता आहे का? मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. मग फक्त ‘हो’ लिहिलं.

वकीलबाई म्हणाल्या, झालं ते बरंच झालं, नाहीतर ती आणखी वर्षभर निघाली नसती. मला तसं म्हणवत नाही. नोंदीत फोल्डर बारा वाजून बारा मिनिटांनी बंद झाल्याचं आहे. बाथरूमची कडी वाजली तेव्हा तिने रिमोट शोधला, तो गादीखाली सरकला होता. हे तिने मला रिक्षात बसताना सांगितलं.

दोन दिवसांनी मुलुंडहून तिचा फोन आला. मुलीला सर्दी झालीये, भाऊ बरा वागतोय, असं काहीबाही बोलली.

"ताई, तू रागावू नको हं. ते फोटो आता कुठे ठेवलेयस?"

तिला मी तिच्या नवऱ्याशी बोलताना शेकडो वेळा ऐकलं होतं. त्याच्याशी ती अशीच बोलायची, एकेक शब्द चाचपत. माझ्याशी तशी पहिल्यांदाच बोलत होती.